फुटलेल्या ग्रहाचे तुकडे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तारांवर बसवलेली सूर्यमाला होती; तिच्यातला लाकडी मंगळ पडून फुटला, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "टाकून द्या." शिपाई किसनमामांनी मात्र त्याचे पाचही तुकडे मंगळाच्याच तारेवर बांधून ठेवले. तपासणीला आलेले साहेब चक्रावले. मामा शांतपणे म्हणाले, "मंगळच हाय, साहेब. फक्त फुटलाय."

चूक माझीच. ग्रह फुटला तरी तुकडे सूर्याभोवती त्याच वाटेनं फिरत राहतात, असं मी वर्गात सांगत होतो आणि मामा दाराशी उभे होते. मी सांगून मोकळा झालो, त्यांनी ते धरून ठेवलं. क्रांती चौकात चहा पिताना अनोळखी माणसाला विचारायचे, "ग्रह फुटल्यावर तुकडे कुठं जातेत, सांगा बरं?" तो बिचारा कप अर्धा टाकून पळायचा. मलाही रोज तेच. "सर, नक्की ना? हरवत नाय ना?" मी वैतागायचो. "अहो मामा, किती वेळा सांगू!"

मग त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. पत्रिकेवर ते राहायचे त्या मुकुंदवाडीऐवजी छापलेलं, 'राहणार हिवरखेडी'. मला हसूच आलं. "मामा, ते गाव धरणात गेलं की हो कधीच!"

"व्हय. पन गाववाले हायेत ना. लई लांब लांब पांगलेत. मुकुंदवाडी छापलं तर त्यांना कसं कळंल, हे लगीन आपल्यातलंच हाय म्हनून?" मग आवाज एकदम खाली आला. "येतील का वो, सर?"

हा माणूस मला रोज काय विचारत होता, ते तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी मामा सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी उभे. दुपारी दोन टेम्पो आले, पाठोपाठ तिसरा. म्हातारीकोतारी माणसं उतरली, गळ्यात पडून रडली. पंगत मांडली तशी कुणी न सांगता आपापली बसत गेली. शेजारचे आजोबा मला म्हणाले, "ही वरची आळी. ती मारुतीपाशी ऱ्हानारी. अन् ती नदीकडची."

नदीकडच्या ओळीत एक पत्रावळ रिकामी होती. मी बसायला गेलो, तर एका आजीनं हात आडवा घातला.

"नगा बसू, सर. इथं किसनाचं घर हाय."

पोरीचा बाप कधी पहिल्या पंगतीला बसतो का? मामांनी बुंदीची परात माझ्या हातात दिली आणि तिथं जाऊन बसले.