सात खिडक्यांची गाडी

उत्तमअण्णांच्या गाडीला सात खिडक्या होत्या आणि त्यांतली एकही दुसरीच्या उंचीला नव्हती. छिन्नी-हातोडा घेऊन पत्रा त्यांनी स्वतःच कापलेला. माझ्या वाट्याची खिडकी तर कानाशी यायची. तक्रार केली की म्हणायचे, "मास्तर, जरा वाकून बसा की. वारा तर येतोय न्हवं?"

मुळात ती आमच्या तेरमधल्या दूध सोसायटीची छोटी व्हॅन. अण्णा तिचे ड्रायव्हर. बारा वर्षांत दुधाच्या कॅनशिवाय त्यांनी तिच्यात काही चढू दिलं नाही. एकदा खुद्द चेअरमनला भर पावसात रस्त्यावर सोडून आले. "दुधाच्या गाडीत माणूस बसत न्हाय. नियम म्हंजी नियम."

बायकोलाही तेच उत्तर. पार्वतीवहिनी दर श्रावणात म्हणायच्या, नळदुर्गच्या किल्ल्यात धबधबा पडतोय म्हणं, एकदा दावा. एसटीनं जावं तर अण्णांना सुट्टी नाही. दूध काय रविवार बघतं? असला हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. अण्णांनी ती गाडीच विकत घेतली. मोडीतल्या एसटीची बाकं बसवली, खिडक्या पाडल्या. तोवर काचबिंदूनं वहिनींचे डोळे गेले होते. तरी सगळ्यांत मोठी खिडकी वहिनींचीच.

पहिली सहल अर्थात नळदुर्गची. सोबत मी. धबधब्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी अण्णांनी गाडी नेली. समोर नुसता कोरडा दगड.

"आलं बघ, पार्वती. पांढरंफेक पाणी पडतंय," अण्णा म्हणाले. प्यायच्या पाण्याची कळशी उचलून ते गाडीमागं गेले आणि दगडावर उंचावरनं धार धरली.

टँकरच्या रांगेत आम्ही तीन तास उभं राहून मिळवलेलं पाणी ते. माझं डोकंच फिरलं. मी ओरडणार, तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला.

"बोलू नका, मास्तर. कळशीतलं हाय, कळतंय मला."

वहिनींनी खिडकीतनं तोंड बाहेर काढलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, लई पाणी हाय की! बरं केलं आणलंत."