वानखडेबाईंचा काडेपेटीएवढा गालिचा

वानखडेबाई कुठलीही वस्तू आधी उलटून पाहतात. साडी, चादर, लग्नपत्रिका. ताटात वाढलेली पोळीसुद्धा. बडनेऱ्याच्या शाळेत त्या आम्हाला शिवणकाम शिकवायच्या. "समोरून तं कोणीबी नटते, मांगून दाखव!" म्हणत माझा रुमाल पालथा करायच्या आणि गाठी दिसल्या की उसवायला लावायच्या. एकच रुमाल मी वर्षभर उसवला. आता त्या माझ्या शेजारीण आहेत आणि दोरीवर वाळणारे माझे ब्लाउज तपासतात.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी सुई ठेवून दिली. "डोये गेले," म्हणाल्या. पण माझ्या वरणातला केस त्यांना हातभरावरून दिसायचा! एकदा चहा घेताना कपबशी वाजली, तेव्हा कळलं. बाईंचा हात थरथरत होता.

"अकोल्याले सांगशीन तं पाय!" त्यांनी दम दिला. अकोल्यात, जठारपेठेत, त्यांची लेक राहते. तिला कळलं असतं तर ती आईला घेऊन गेली असती आणि इथल्या घराला कुलूप लागलं असतं.

नेमका लेकीचाच फोन आला. नातीच्या बाहुलीघरात गालिचा हवा, रविवारी न्यायला येते.

बाईंनी मोबाइलवर नवी तऱ्हा शोधली. पेनासारखी पोकळ सुई ताणलेल्या कापडात नुसती टोचत जायची. खालच्या अंगाला दोऱ्याचे फासे दाट उभे राहतात, तोच गालिचा; हात हलला तरी समोरून कळत नाही. पहिल्यांदा सवयीनं मोराचं चित्र सरळ काढलं, तर गालिच्यावर मोर उलट्या तोंडाचा निघाला.

"हे काम उलटीकडूनच करा लागते वं! मंग जिंदगीभर मी काय शिकोलं पोट्ट्याइले?"

रविवारी लेकीनं दुसरा गालिचा तळहातावर घेतला आणि, शेवटी बाईंचीच लेक ती, उलटला. मागे नीटस कापड चिकटवलेलं होतं. डिंकानं! डिंक म्हणजे चोरी म्हणणाऱ्या बाईंनी!

"आई, तुया हाताची सफाई अजून तशीच हाय," लेक म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

ती गेल्यावर बाईंनी पहिला गालिचा माझ्यापुढे धरला. "मांगून पाय."

मागे टाके भरकटले होते, जागोजागी गाठी. मी घाईनं सुलटा केला. "मोर झकास आहे, बाई."

बाई हसल्या. मग हात पदरात गुंडाळत हळूच म्हणाल्या, "तुया रुमालाच्या गाठी होत्या न... राहू द्याले पायजे होत्या मी."