कार्यालयाचा हिरवा दिवा

"मी एक दिवस आलो नाही ना, तर हे कॉलेज दुपारी बारापर्यंत बंद पडेल!"

हे वाक्य मार्तंडराव आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे. उमरग्याच्या त्या कॉलेजात ते एकतीस वर्षं हेडक्लार्क. एकतीस वर्षांत सलग दोन दिवस रजा नाही! येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला जाऊ, तिथंच बहिणीकडं चार दिवस राहू, असं त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई नऊ वर्षं म्हणत होत्या. उत्तर ठरलेलं.

"आणि कॉलेज कोण बघणार? तुझी बहीण?"

तर अशा या मार्तंडरावांच्या कार्यालयामागच्या खोलीत, लोखंडी कपाटात, एकावर एक तीन स्विच येऊन बसले. स्विच म्हणजे पंख्याचं बटण नव्हे! चपटे काळे डबे, समोर भोकांची रांग, आणि त्यात कॉलेजभरच्या कॉम्प्युटरांच्या वायरी. वरचा डबा कार्यालयाचा, मधला वाचनालयाचा, खालचा लॅबचा. कंपनीचा माणूस डबे टाकून जो गेला तो गेलाच. मग ते सगळं शिवांजलीनं एकटीनं उभं केलं.

शिवांजली म्हणजे बेंबळीच्या शेतकऱ्याची लेक, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. पोरगी मोठी जिद्दीची! बारावीनंतरच्या परीक्षेला ती सोलापूरला निघाली होती, वाटेत एसटी बंद पडली, दहा मिनिटं उशीर झाला आणि गेट बंद. एक वर्ष गेलं. तेव्हापासून तिनं मनाशी धरलेलं, की ऑनलाइन परीक्षेचं केंद्र इथंच, उमरग्यात, आणायचं. दोन वर्षं अर्ज करून करून अखेर गुरुवारी तपासणीला निरीक्षक येणार होते. नेटवर्क चाललं तर केंद्र मिळणार. नाही चाललं, तर पोरींनी पुन्हा सोलापूरची एसटी धरायची.

बुधवारी तिनं मार्तंडरावांना सगळं दाखवलं.

"काका, डबे तीन, पण पाठीमागच्या या आखूड केबलींनी बांधले की तिघं मिळून एकच स्विच. एकानं मुख्य व्हायचं, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. एका जागी बसून तिन्ही सांभाळता येतात."

"वा! म्हणजे एकत्र कुटुंब! आणि कर्ता कोण ते कसं कळायचं?"

"ज्याच्यावर हा हिरवा दिवा लागलाय तो."

मार्तंडराव वाकले. अजून वाकले. दिवा सगळ्यात खालच्या डब्यावर लागला होता. लॅबच्या!

"अगं, कार्यालय सोडून लॅब मुख्य?"

"मी कामाला तिथून सुरुवात केली म्हणून, काका. त्यात मानपानाचं काही नाही. तपासणी होऊ द्या, मग बदलून देते."

मानपानाचं काही नाही! मार्तंडरावांचं घराणं तुळजापूरचं. कोणता मान कुणाचा आणि कुणाआधी कोण, हे त्यांना मुंजीआधीपासून पाठ! रात्री जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी शिवांजली निरीक्षकांना आणायला बसस्टँडवर गेली आणि ग्रंथपाल महालिंगप्पा सर खोलीत डोकावले.

"काय मार्तंडराव, लॅबचा दिवा लागलाय म्हणं, अन् कार्यालय अंधारात! एकतीस वर्षांत असं झालं न्हवतं बघा."

झालं! एवढं पुरे होतं. मार्तंडरावांनी बाह्या सरसावल्या.

"केबलींनी बांधलंय म्हणून ऐकावं लागतंय ना? मग सुटं झालं की प्रश्न मिटला!"

कार्यालयाच्या डब्याच्या दोन्ही आखूड केबली त्यांनी ओढून काढल्या. दोघं श्वास रोखून बघत राहिले. एक मिनिट गेलं आणि वरच्या डब्यावर टप्पकन हिरवा दिवा लागला! खाली लॅबचाही होताच.

"बघा! तिचाही मान राहिला, आपलाही राहिला!"

महालिंगप्पा सरांनी मात्र मधल्या डब्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "अन् आमच्या वाचनालयानं काय घोडं मारलंय?"

मार्तंडराव उदार मूडमध्ये होते. उरलेली केबलही निघाली. तिसरा दिवा! तीन डबे, तीन हिरवे दिवे, अगदी दिवाळी! दोघांनी एकमेकांना टाळी दिली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत शिवांजली धावत आली. परीक्षेचा सर्व्हर जोडलेला वाचनालयाच्या डब्याला, चाळीस कॉम्प्युटर लॅबच्या डब्याला, आणि मधला रस्ताच उखडलेला! लॅबमध्ये एकाही पडद्यावर काही उमटेना. निरीक्षक कृष्णराज साहेब घड्याळाकडं बघत बसलेले.

तिनं तीन दिवे बघितले. खाली पडलेल्या केबली बघितल्या. दुसरी कुणी असती तर दोघांची बिनपाण्यानं केली असती. शिवांजलीचा आवाजसुद्धा चढला नाही.

"काका, आता तिघंही स्वतःला मुख्य समजतायत, आणि नेटवर्कमधला तिघांचा पत्ताही एकच, म्हणून सगळा गोंधळ. तुम्ही दोघं फक्त भिंतीला टेकून उभे राहा. कशालाही हात लावू नका."

दोघं भिंतीला टेकले. पोरीनं तिन्ही डबे बंद केले. केबली जिथल्या तिथं बसवल्या, ओढून ओढून बघितल्या. मग लॅपटॉप जोडून एकेक डबा चालू केला. बोटं अशी चालत होती की मार्तंडराव बघतच राहिले. एकतीस वर्षं टायपिंग केलेला माणूस, पण असे हात त्यांनी बघितले नव्हते! मध्येच ती म्हणाली, "डबे तसेही बंद करावेच लागले, म्हणून कार्यालयाला सगळ्यात वरचा नंबर दिलाय, काका. आता दिवा तुमचा."

आणि खरंच, वरच्या डब्यावर एकच हिरवा दिवा लागला. आपण हिचं एवढं नुकसान करत होतो आणि हिनं आपला मान लक्षात ठेवला!

इतक्यात निरीक्षक दारात उभे. "मॅडम, वीस मिनिटं वाया गेली. कारण काय लिहू?"

शिवांजली तोंड उघडणार तेवढ्यात मार्तंडराव पुढं झाले.

"साहेब, पोरीची काही चूक नाही. केबली मी ओढल्या. दिव्यासाठी. अगदी पोरकटपणा झाला माझा."

महालिंगप्पा सर छताकडं बघू लागले, जणू पंखा आजच बसवलाय.

निरीक्षकांनी मार्तंडरावांकडं नीट बघितलं. "खरं बोललात. आता मॅडम, परीक्षेच्या वेळी असंच मुख्य यंत्र बंद पडलं तर?"

"तर दुसरा डबा मुख्य होईल, साहेब. लॅबला पत्ताही लागणार नाही."

"मग दाखवा की!"

शिवांजलीनं मार्तंडरावांकडं बघितलं. "काका, तुम्हीच बंद करा."

दिवा मिळून सात मिनिटं झाली नव्हती! मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि कार्यालयाच्या डब्याची विजेची वायर काढली. दिवा विझला. मधल्या डब्यावर, वाचनालयाच्या, दिवा लागला. महालिंगप्पा सरांची छाती दोन इंच फुगली. आणि लॅबमधले चाळीस कॉम्प्युटर? साहेब स्वतः जाऊन बघून आले, एकही अडखळला नाही!

"शाब्बास!" निरीक्षक म्हणाले. "केंद्र मंजूर समजा!"

शिवांजली मटकन खुर्चीत बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मार्तंडरावांनी स्वतःच्या हातानं तिला पाणी दिलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला स्वतः पाणी दिल्याची नोंद नाही.

संध्याकाळी तपासणीचा अहवाल टाइप करायला अर्थातच त्यांच्याकडंच आला. त्यांनी एकेक अक्षर बडवलं: 'तपासणीदरम्यान कार्यालय पूर्णतः बंद करण्यात आले. त्यामुळे कामकाजात कोणताही व्यत्यय आला नाही.' 'कार्यालय'पुढं 'स्विच' हा शब्द राहिला होता. तो घातला, तरी वाक्य डोक्यातून जाईना. मग कोरा कागद घेऊन त्यांनी चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला.

प्राचार्यांनी न वाचताच सही केली. चारुशीलाबाईंनी मात्र अर्ज दोनदा वाचला आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

पाचव्या दिवशी मार्तंडराव प्रसादाचा डबा घेऊन धापा टाकत कॉलेजात आले. वाटेत महालिंगप्पा सर भेटले.

"हे घ्या, येडेश्वरीचा प्रसाद! काय, मी नव्हतो तेव्हा लई गोंधळ झाला असेल ना?"

महालिंगप्पा सरांनी पेढा तोंडात टाकला आणि चकित होऊन विचारलं, "तुमी न्हवता व्हय?"