वस्तू क्रमांक तीन

घड्याळजींची दाढीची वाटी सोमवारी हरवली, बुधवारी तेलाची डबी आणि शुक्रवारी चष्म्याचं घर. शनिवारी त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "अगं, मी हल्ली विसरायला लागलोय का?"

"तुम्ही? माझ्या मामांनी तीस वर्षांपूर्वी मारलेला टोमणा अजून ऐकवता मला!"

पण घड्याळजींचं समाधान होईना. अहो, त्यांचा धंदाच आठवणीचा! उघडलेल्या घड्याळाची चाकं कोणत्या क्रमाने काढली हे डोक्यात राहिलं नाही, तर दुकानाला कुलूपच. आणि दुकान म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

तज्ज्ञ घरातच होती. सून मेंदूची शास्त्रज्ञ. औषधांनी भीती कमी होते का, आठवण टिकते का, हे ती दिवसभर उंदरांवर तपासायची. सासऱ्यांवर तिची माया फार, त्यामुळे इथे ती उंदरांपेक्षाही कसून कामाला लागली. रोज संध्याकाळी वही घेऊन समोर बसे.

"बाबा, वाटी शेवटची कुठे ठेवली होतीत?"

"बेसिनपाशी. बहुतेक."

"बहुतेक," सून लिहून घेई.

पेन खरखरलं की घड्याळजी आणखीच घाबरत. घाबरलेल्या माणसाला असलेलंही आठवत नाही. चौथ्या दिवशी त्यांचा स्वतःच्याच दुकानाचा फोन नंबर चुकला. सून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. दहाव्या दिवशी त्यांनी दुकानाची किल्ली तिच्या हातात ठेवली. "एक तारखेपासून बंद. माझ्या हातून कुणाचं घड्याळ बिघडायला नको."

सुनेला राहवेना. "बाबा, आमच्या प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. तेवढं तरी करून द्या."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी स्टुलावर उभे राहून चाकं बसवत होते. सगळी बसली, एकही उरलं नाही. खाली एका मोठ्या पेटीत उंदीर हिंडत होता. काही वस्तूंकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेने सकाळी ऐन वेळी ठेवलेली एक चकचकीत वस्तू मात्र तो हुंगत बसला.

"आठवणारी वस्तू तो सोडून देतो, नवीन हुंगतो," सून कौतुकाने सांगत होती. "वस्तू क्रमांक तीन बघा, लगेच सोडून दिली, कशी चटकन ओळखली!"

"मीही ओळखली," घड्याळजी वरूनच म्हणाले. "माझी दाढीची वाटी आहे ती."

सुनेने आ वासला. क्रमांक चार तेलाची डबी, क्रमांक पाच चष्म्याचं घर! घाईघाईत घरून आणलेल्या वस्तूंवर तिने नंबर चिकटवले, आणि नंबर चिकटल्यावर तिच्या लेखी ती वाटी वाटी राहिलीच नव्हती.

"अगं बाई! बाबा, सांगायचं विसरलेच हो मी!"

"या उंदराला कुठलं औषध दिलंस?"

"काहीच नाही. नुसतं मिठाचं पाणी."

"घरी गेल्यावर तूही घे पेलाभर. आणि माझी दुकानाची किल्ली आण इकडे."

किल्ली मिळाल्यावर घड्याळजी लहान मुलासारखे हसले. प्रयोगशाळेबाहेर येऊन ते सुनेच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसले. सून पर्स चाचपत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पर्स पालथीच घातली.

"वही दे बघू," घड्याळजी म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सूनबाई, स्कूटरची किल्ली शेवटची कुठे ठेवली होतीस?"

"पर्समध्ये. बहुतेक."

"बहुतेक," त्यांनी लिहून घेतलं आणि मायेने तिच्या पाठीवर थोपटलं. "पेटीत, डाव्या कोपऱ्यात. वस्तू क्रमांक सहा. जपून काढ हो, त्याचं अजून हुंगून झालं नसेल."