दारातली कुंदाताई रजेवर

मंगळवारी सकाळी माझ्या मेंदूतल्या एका पेशीची ग्राही रजेचा अर्ज घेऊन आली. ग्राही म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या भिंतीत, दारातच उभी असते ती. हिचं नाव कुंदा. मी दचकले, तशी ती म्हणाली, "बघा. हा आजचा एकेचाळिसावा निरोप."

सव्वाआठ वाजले होते. अकराला मिरजेच्या एका प्रयोगशाळेत माझी मुलाखत होती, पाचवी. आधीच्या चारही मी घाबरून घालवल्या होत्या. एकीत तर स्वतःचं आडनावच आठवेना.

"कुंदाताई, नेमकी आजच?"

"आजच. कुकरची शिट्टी झाली की निरोप्या येतो. दूधवाल्याने बेल दाबली की येतो. आत यायची त्याला परवानगी नाही. दारातच माझा हात दाबतो नि जातो. मग मी आत वळून एकीला सांगते, ती दहाजणींना, त्या प्रत्येकी शंभरजणींना. शेवटच्या बाईपर्यंत पोचेस्तोवर तुमच्या तळहाताला घाम."

"पण निरोप काय असतो?"

"काहीतरी झालं, एवढाच. काय झालं ते आमच्याकडे येत नाही."

"कुणी बदली मिळेल?"

"त्याचा हात माझ्याच हातात बसतो, ताई. मी आत जाऊन पडते. आठ दिवस दार बंद."

अर्जावर कारण लिहिलं होतं: अतिवापर. मी सही केली.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या बेडकिहाळ मॅडमनी विचारलं, "समजा, आम्ल सांडलं, तर तुम्ही आधी..." एवढ्यात आगीची घंटा वाजली. तिघंही जिन्याकडे पळाले. एकाची चप्पल टेबलाखालीच राहिली. मी बसून राहिले.

वीस मिनिटांनी ते परतले. खाली नव्या यंत्राची पूजा होती. उदबत्तीचा धूर घंटेपर्यंत गेला होता.

"तुम्ही इथेच?" मॅडम म्हणाल्या.

"प्रश्न अर्धा राहिला होता."

त्यांनी तो पूर्ण केला. मी उत्तर दिलं, आडनावासकट.

"सोमवारपासून या. आणि घंटा वाजली की बाहेर पडायचं असतं."

"बरं," मी म्हटलं.

आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "अगं, नोकरी लागली. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"निरोप्या आलाय. दाराबाहेर बसलाय. पुढच्या बुधवारी वाटेल."

"बरं," आई म्हणाली, "मग पेढे बुधवारीच आणते."