दोन पट्ट्यांमधली वस्ती

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट थांबताना 'टिंग' करते आणि दार मिटताना 'टाँग'. या टिंग आणि टाँगमधल्या अंतराला नाव आहे: उपटसुंभ. ठेवलंय वरच्या मजल्यावरच्या नानांनी.

नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि सुरांच्या मागे लागले. पेटीच्या सप्तकात बाराच पट्ट्या, हा त्यांच्या मते गाण्यावर झालेला उघड अन्याय. दोन पट्ट्यांच्या मधे अख्खी वस्ती राहते, तिला नावं कोण देणार? नाना देतात. अर्ध्या सुराहून किंचित कमी अंतर म्हणजे 'भाडेकरू', किंचित जास्त म्हणजे 'घरजावई'. रिषभ-गांधारांच्या मधली एक जागा 'पळस्पे', आमच्या इथल्या हायवेच्या फाट्यावरून. "तिथून खाली वळलात तर एक राग, वर वळलात तर दुसरा. मधे उभे राहिलात की ट्रकखाली!" एकदा आमच्या घरी आले, कान टवकारले आणि "तुमच्या कुकरपासून दारावरच्या बेलपर्यंत घरजावई आहे" एवढं सांगून चहा न घेता गेले.

माफी मात्र कुणालाच नाही. "घसरलात!" हे त्यांनी सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींनाही ऐकवलंय.

गणपतीत पेटीवर नाना आणि माईकवर त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू. यंदा काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण गांधार काही केल्या जागेवर बसेना, दर वेळी थोडा खालीच. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "नाना, आमी काय बोलतो, यंदा माईक पोरींना देऊ. काकूंना उगाच तरास नको."

"बरंच झालं बाई," म्हणत काकू आत गेल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागल्या. नाना पेटीवरची धूळ पुसत राहिले. मला वाटलं, संपलं. या माणसाकडे बायकोलाही सवलत नाही.

चतुर्थीला नानांनी माईक उचलला आणि सरळ काकूंच्या हातात दिला. काकू घाबरत गायला लागल्या. गांधार आला, आणि पेटीशी अगदी मिळून गेला! साथीला गाणाऱ्या पोरींचाच सूर पेटीशी भांडायला लागला, तेव्हा त्या मुकाट्याने काकूंच्या सुरामागे आल्या. काकूंचा चेहरा असा उजळला होता की बघतच राहावं.

आरतीनंतर मी पेटीत डोकावलो. गांधाराचं पितळी पातं मुळाशी ताजं घासलेलं होतं. ज्या पेटीवरची धूळसुद्धा नाना दुसऱ्याला पुसू देत नाहीत, तिचा सूर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला होता.

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चेष्टा करतो. "नाना, हा कोण? भाडेकरू?"

नानांनी झाकण लावलं.

"शुद्ध गांधार आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांचा चढलाय."