शास्त्रीकाकांच्या पंख्याचा निकाल

शास्त्रीकाका पोथी वाचायला बसले की उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून घेत. ती दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे माजघरात जायची आणि तिथला छताचा झालरीचा पंखा हलवायची. ज्यांनी असला पंखा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक लांब लाकडी फळी, तिच्या खाली हातभर कापडाची झालर, आणि ओढायला दोरी. साहेबलोकांच्या बंगल्यात तो ओढायला नोकर असे. आमच्या शेजारी तो न्यायशास्त्राचा पंडित ओढत असे, आणि तेही पायाने!

लग्न होऊन मी काशीला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी विचारलं, "काका, हे हो काय?" जीभ माझी पहिल्यापासूनच तिखट.

"सूनबाई, पाय हलता राहिला की डुलकी लागत नाही," ते म्हणाले. "वारा हा आनुषंगिक लाभ."

हा आनुषंगिक लाभ ज्यांना मिळायचा त्या उमाकाकू माजघरात खाटेवर पडून असत. त्यांना दमा होता. मूलबाळ नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या गलीत त्यांची भिंत नि आमची भिंत एकच, त्यामुळे काकूंचा खोकला मला माझ्या चुलीपाशी ऐकू यायचा. खोकला वाढला की दोरीची करकरही वाढायची. मी नवी होते तरी आंधळी नव्हते. डुलकीचं कारण कुणासाठी होतं ते मला कळत होतं.

पण बायकोसाठी पंखा ओढतो असं म्हणायची सोयच नव्हती. बाहेरच्या खोलीत सकाळपासून विद्यार्थी. त्या काळी आमच्या दक्षिणी ब्राह्मणांच्या मुहल्ल्यात दिवसाढवळ्या बायकोच्या खाटेपाशी जाऊन बसलेला शास्त्री कुणी पाहिला नव्हता. काका आत जेवायला जात, औषध विचारून येत, तेही उंबऱ्यावरून. "घेतलंस?" "घेतलं." झालं दोघांचं संभाषण.

एरवी मात्र माणूस बोलायला लागला की थांबायचा नाही. साध्या भाजीचाही ते वाद मांडत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू; मग तिचं खंडन; मग आपला सिद्धान्त. समोर कुणी नसलं तर दोन्ही बाजू स्वतःच लढवत. एकदा दूध झाकावं की उघडं ठेवावं यावर घोळ चालू असताना मांजर येऊन भांडं साफ करून गेलं. काका शांतपणे म्हणाले, "विषयच नष्ट झाला. वाद समाप्त."

हिवाळ्यात काकूंच्या खाटेपाशी बोरसी लागायची, मातीची शेगडी. ती तडकली. काकांनी गंगेची माती आणून ती लिंपली. पुन्हा तडकली, पुन्हा लिंपली. मी म्हटलं, "अहो काका, ठठेरी बाजारात जाऊन लोखंडाची नवी आणा की!" तर म्हणाले, "सूनबाई, वस्तूचा एक अवयव बदलला की जुनी वस्तू संपते नि नवीच उत्पन्न होते, असं आमचं शास्त्र सांगतं. म्हणजे ही नवीच, तिसरी बोरसी आहे. आणखी कशाला?" यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार!

गलीत बिजली आली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ज्येष्ठ महिना, गरम वाऱ्याची लू अशी की दाराची कडी हाताला चटका देई. भर दुपारी झालरीच्या पंख्याची फळी मधोमध कडाडली आणि अर्धा पंखा लोंबायला लागला. नशीब, काकूंच्या अंगावर आला नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्याने वर चढून फळीला बोट लावलं तर वाळवीने खाल्लेला भुसा पडला. "पंडितजी, दीमक सब चाट गयी. जोड़ तो दूँ, पर टिकेगा नहीं."

वैद्यबुवा बजावून गेले की काकूंना सारखी वाहती हवा पाहिजे, नाहीतर धडगत नाही. काकांचा एक श्रीमंत शिष्य होता रामनगरला. त्याचा लगेच निरोप आला, बिजलीचा पंखा मी पाठवतो, तारा ओढून देतो, गुरुजींनी फक्त हो म्हणावं. आता यात विचार करण्यासारखं काय होतं, सांगा! पण काकांनी चौरंग ओढला आणि वाद मांडला.

पहिल्या दिवशी बिजलीचा पंखा जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याचं खंडन झालं आणि फळी जोडायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी शंका निघाली की जोडलेला पंखा शास्त्राप्रमाणे नवाच होणार, मग नवाच घ्यायचा तर बिजलीचा का नको? चौथ्या दिवशी त्या शंकेवर उपशंका. विद्यार्थी खूष. मुहल्ल्यातले दोन म्हातारे पंडित पान लावून ऐकायला येऊ लागले. आणि निकाल लागेपर्यंत काकूंना वारा कोण घालणार? तर काका स्वतः! दुपारी विद्यार्थ्यांना घरी पाठवून ताडाचा हातपंखा घेऊन ते माजघरात खाटेपाशी बसू लागले. "निर्णय होईतो तात्पुरती व्यवस्था," असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

असे अकरा दिवस गेले. मी दुपारी ताक घेऊन जायची तर काकूंचा चेहरा घामाने डबडबलेला, छाती भात्यासारखी हलतेय. आणि काकांचा हात दुखून पंखा दर दोन घटकांनी थांबतोय. अकराव्या दिवशी माझा तोल गेला. काकांना मी अंगणात गाठलं.

"काका, लहान तोंडी मोठा घास घेते. काकूंचा श्वास तुमच्या सिद्धान्तासाठी थांबायचा नाही! माणूस महत्त्वाचं की शास्त्र?"

माझ्या सासूबाई तिथे असत्या तर माझी जीभ हासडली असती. पण काका रागावले नाहीत. पायरीवर बसले. हातातला पंखा मांडीवर ठेवला.

"निर्णय पहिल्याच दिवशी झाला होता, सूनबाई," ते म्हणाले. "बिजलीचाच. त्यात वाद नव्हताच."

"मग हे अकरा दिवस?"

खाली बघत ते म्हणाले, "तो लागला की मला आत बसायला काय कारण?"

मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. काकूंना लहानपणी पोहता येत होतं, नदी पार करायच्या, हे काकांना सहाव्या दिवशी कळलं. काकूंना कारलं आवडत नाही आणि इतकी वर्षं फक्त काकांसाठी करत होत्या, हे आठव्या दिवशी. "मलाही आवडत नाही गं," काका म्हणाले. "तिला आवडतं म्हणून मी खात होतो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण मी तरुण होते, शहाणी होते. म्हटलं, "ते सगळं खरं, पण काकूंना हवा पाहिजे." काकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रामनगरला होकार कळवला आणि आठवड्यात पंखा गरगरायला लागला. काकूंना श्वास पुरला, घाम गेला. काका बाहेरच्या खोलीत पोथीपाशी गेले. सगळा मुहल्ला मला म्हणाला, वा गं, तू होतीस म्हणून निकाल लागला. मीही मिरवलं.

पाचव्या दिवशी ताक घेऊन गेले तर काकूंनी मला खाटेपाशी बोलावलं. म्हणाल्या, "ते भिंतीवरचं बटण बंद कर गं. आणि बाहेर जाऊन सांग, पंखा बिघडला."

"काकू! आणि तुमचा दमा?"

"घटकाभर निभतं मला. जा."

काय करणार! गेले. "काका, पंखा बिघडला." काका ताडकन उठले, ताडाचा पंखा घेऊन आत आले. दुरून धूर दिसला तरी अग्नी ओळखणारा तर्कपंडित तो, पण दारालगतचं बंद बटण काही त्याला दिसलं नाही. गंभीर आवाजात म्हणाले, "दुरुस्त करावा की बदलावा, विचार करावा लागेल." काकू पदर तोंडावर घेऊन हसल्या आणि खोकल्या. मी तिथून निघाले.

मग तो पंखा रोज दुपारी बिघडू लागला. घटकाभराने आपोआप बराही व्हायचा. माझ्या यजमानांना कळेना, ते म्हणाले, कंपनीचा माणूस बोलावतो. मी म्हटलं, खबरदार!

भाद्रपदात पावसाची ओल धरली आणि काकूंचा दमा उलटला. शेवटच्या दिवशी बटण बंद करायची कुणाचीच छाती झाली नाही. वर बिजलीचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता, आणि त्याच्या खाली, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, मुहल्ल्यासमोर, काका खाटेपाशी बसून ताडाच्या पंख्याने वारा घालत होते. त्या दिवशी त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दुपारी काकू गेल्या. तरी काकांचा हात चालूच.

मला आजही वाटतं, ते अकरा दिवस मी आणखी लांबू द्यायला हवे होते. आणि लगेच वाटतं, नाही, मग श्वास आधीच सरला असता. याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

पुरुषमंडळी बाहेर तयारीला लागली. माझे यजमान आत आले आणि हळूच काकांच्या हातातला पंखा काढून घ्यायला वाकले. काकांनी तो सोडला नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी हिला नुसता वारा घातला. बोलायला आत्ता कुठे लागलो होतो."